अकरा सह्या आणि नववं कलम

मिसेस वॉकर यांनी फॉर्म परत माझ्याकडेच सरकवला. म्हणाल्या, "वाचून दाखवा. सगळा."

ही माझी तिसरी खेप होती. मी इथे अमेरिकेत, शहराच्या पाणी खात्यात इंजिनिअर आहे. त्यांच्या गल्लीत रस्त्याखालच्या मेन लाइनपासून घरापर्यंत येणारे पाइप अजून शिशाचे आहेत. शिसं पाण्यात उतरतं आणि अंगात साठतं. आम्ही ते पाइप फुकट बदलून देतो. घरमालकानं फक्त अंगण खणायची परवानगी द्यायची. दोन आठवड्यांत खोदकामाचा क्रू दुसऱ्या वॉर्डात जाणार होता. राहिला तो राहिला.

गल्ली बहुतेक काळ्या लोकांची. आधी गेलेल्या गोऱ्या सहकाऱ्याला कुणी दारच उघडलं नव्हतं. मग माझा बॉस ग्रेग म्हणाला, "तू जा. तू आमच्यासारखी दिसत नाहीस." निदान खरं बोलला. मी नागपूरची, चिकाटी सोडत नाही. अकरा सह्या आणल्या. प्रत्येक दारात सांगितलं, "इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी." खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे कागद वाचायचा नसतो, फुली कुठे केलीय ते बघायचं असतं. व्हिसापासून ग्रीन कार्डापर्यंत वकिलानं पिवळं स्टिकर लावलं तिथे मी सही करत आले.

मिसेस वॉकर सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात. सिंकजवळ विकतच्या पाण्याच्या बाटल्यांची चळत होती. मी वाचायला लागले. नवव्या कलमापाशी अडखळले. 'या व भविष्यातील कोणत्याही सार्वजनिक कामासाठी' शहराला त्या जागेत कायमचा प्रवेश. म्हणजे पाइप बदलून झाला तरी परवानगी संपणार नव्हती. भटाला दिली ओसरी, तसला प्रकार. कुठल्या तरी जुन्या फॉर्मवरून उचललेलं असणार. मी ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. मला लाज वाटली.

त्या रागावल्या नाहीत. सांगू लागल्या. त्या नऊ वर्षांच्या असताना एक माणूस वडिलांकडे कागद घेऊन आला होता. फक्त मोजणी करायची आहे, सही करा म्हणाला. वर्षभरात घर गेलं आणि तिथून फ्रीवे गेला. काळ्यांचीच वस्ती पाडली, पलीकडची गोऱ्यांची सोडली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या जागी आता फ्रीवेवरून उतरायची एक्झिट आहे. कुठली ते त्यांनी सांगितलं. ऑफिसला जाताना मी रोज तीच घेते.

"तो माणूस वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यानंही वाचलं नव्हतं."

मी फॉर्म पिशवीत टाकला. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बाकीच्यांना सांगाल ना?"

ग्रेगला वाटत होतं मी उगाच ताणतेय. ते कलम कुणी वापरणार नाही, म्हणाला. मग काढून टाकायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. लीगल खात्याला महिनोन्‌महिने लागतील, तोवर क्रू गेलेला असेल, असं तो म्हणाला. दोघंही बरोबर होतो.

मी पुन्हा अकरा दारं फिरले. नऊ जणांनी सही परत घेतली. जिथे आधी मला केक आणि कॉफी मिळाली होती, तिथल्या बाईंनी जाळीचं दारही उघडलं नाही. परत येताना मला मिसेस वॉकर यांचाच राग आला. त्यांच्यापायी नऊ घरं तेच पाणी पिणार होती. मग ग्रेगचा आला. मग फिरून फिरून माझाच.

लीगलनं पाच महिने घेतले. कलम गेलं. क्रू वसंतात परत आला, पण नऊपैकी चारच घरांनी पुन्हा सही केली. बाकीच्या पाच घरांत अजून शिशाचेच पाइप आहेत. मिसेस वॉकर यांनी नवा फॉर्मही माझ्याकडून पूर्ण वाचून घेतला आणि सही केली. मी मूर्खासारखं विचारलं, "आता विश्वास बसला?"

"या कागदावर," त्या म्हणाल्या.

आता मी कुणापुढे काहीही ठेवण्याआधी ते स्वतः वाचते, आणि फॉर्मॅलिटी हा शब्द तोंडातून काढत नाही. एक्झिट मात्र तीच घेते. ऑफिसला जायला दुसरा रस्ता नाही.