घासलेला प्लग आणि पोपटी स्कूटर

परवा मी आक्काला भेटायला निघाले होते, हे या ग्रुपवर तुम्हाला सांगून झालं होतं... आठवतं का कुणाला? कुठलं आठवायला! हात जोडलेली चित्रं टाकून गेलात ते गेलात. तुमच्यापेक्षा आमची म्हैस बरी, संध्याकाळी तिला गोठा तरी आठवतो.

म्हणून पहिल्यापासून सांगते. मी बोलून राहिले, नात मंजू टाईप करून राहिली. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या आणि रडगाणं माझं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आखाडा बाळापूरला असते... असायची. तिचा लेक सुरेश गाडी घेऊन तिला कायमचं पुण्याला न्यायला आला होता, परवा दुपारी निघणार होता. तिला फोनवर ऐकू येत नाही, मला आता लांबचा प्रवास झेपत नाही. म्हणजे ती निघायच्या आधी गुडघ्याला गुडघा लावून जे काय बसणं होईल, ते शेवटचं. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

आमच्या जवळा बाजारहून सकाळची एसटी होती. पण माझा लेक दिगू म्हणाला, "माय, एसटी काहून? स्कूटरवर जाऊ. आता ती पहिल्यासारखी न्हाई राहिली."

स्कूटर आमच्या मालकांची. ते गेले, ती राहिली. दाराला लावून उरलेला पोपटी ऑइलपेंट त्यांनी तिला फासला होता, त्यामुळं तसली दुसरी कुठं दिसायची नाही. चढ आला की धापा टाकायची, अगदी माझ्यासारखी.

दिगूनं मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला. स्पार्क प्लगच्या टोकावर एक वाकडा दात असतो... तो कानशीनं घासून बारीक करायचा, मधली फट वाढवायची, की ठिणगी मोठी पडते आणि जुन्या इंजिनात जीव येतो म्हणे. पन्नाशीचा बाप्या ओसरीत बसून दिवसभर कानस चालवत होता. मी म्हटलं, "अरे, एवढं लक्ष शाळेत दिलं असतंस!"

खोटं कशाला बोलू, वसमतपर्यंत गाडी पळाली. माझ्या मांडीवर आक्कासाठी भरडलेल्या कण्यांची पिशवी. दिगू मागं वळून ओरडला, "बघितलं का माय?" मी म्हटलं, "तू पुढं बघ मेल्या, न्हाई तर बाळापूरऐवजी तुझ्या बापाकडं पोचू."

वसमत सोडलं, बाळापूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडी ठसकायला लागली... मग गप्पच. जुन्या गाडीची वीज ती केवढी, तिला वाढवलेली फट ओलांडवेना. हे दिगूनंच मला नंतर सांगितलं.

बाजूच्या शेतात हळद शिजत होती, वाफ रस्त्यावर येत होती. दिगूनं प्लग काढला, फट कमी करायला पान्यानं त्या दाताला हळूच टोला दिला. घासून घासून पापुद्रा झालेला दात... तुटून मातीत पडला.

"फिकीर करू नको माय, डिक्कीत दुसरा प्लग हाय."

जास्तीचा एक प्लग फडक्यात गुंडाळून डिक्कीत ठेवायची सवय मालकांची. दिगूनं फडकं सोडलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. तोही घासलेला! "दोन्ही एकदमच सुधरवले होते माय," म्हणाला. त्याला टोला द्यायची हिंमत होईना, आणि टोल्याशिवाय गाडी चालू होईना.

थांबा म्हणायला सुरेशला फोन लावला. रिंग जात राहिली, उचलेना. आम्हाला वाटलं, सामान बांधून राहिला असेल.

तेवढ्यात समोरून एक पांढरी गाडी धूळ उडवत आली. मी तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली. एक बारीकशी शिवीही दिली.

सुरेशचा फोन आला तेव्हा तो परभणीच्या पुढं चहाला थांबला होता. आक्काला ऊन लागू नये म्हणून लवकर निघाला होता, आणि गाडी चालवताना तो फोन घेत नाही... चांगली सवय आहे, काय बोलणार! म्हणाला, "मावशी, माय वसमतच्या अलीकडं उगंच ओरडत होती. 'थांब, गिरजाची हिरवी गाडी हाय, गिरजा पाठमोरी उभी हाय.' मी म्हटलं, मोतीबिंदूच्या डोळ्याला काय दिसणार... भास झाला असंल."

मी म्हटलं, फोन तिच्या कानाला लाव. आणि त्या हळदीच्या वाफेत, रस्त्याच्या कडेला उभी राहून मी ओरडले, "आक्का, ती मीच होते गं!"

पलीकडून ऐकू आलं, "कोण हाय रे सुरेश? काय म्हणून राहिलं?"

सुरेश मागं फिरतो म्हणाला बिचारा. पण आक्काला गाडी लागली होती, ओकून ओकून अर्धी झाली होती. मीच नको म्हटलं.

आता सुरेश सांगतो, तिला समजावून झालं. ती मान हलवते, पण तिला खरं वाटत नाही... पोरं समजूत काढून राहिली, असंच तिला वाटतं. तिला बराबर दिसलं होतं हो. सगळ्यांत बराबर तिलाच दिसलं.

दिगू दोन दिवस धड जेवला नाही. आज सकाळी त्यानं नवा प्लग आणून तसाच, न घासता बसवला. स्कूटर चालू झाली, चढाला पहिल्यासारख्या धापा टाकते. पण आता जायचं कुणाकडं?

कण्यांची पिशवी खुंटीला तशीच आहे. पुण्याला जाणारं कुणी असेल तर घेऊन जा, आणि तिथं राहणाऱ्यांनो, एवढं तरी विसरू नका... तिला पाव-बिस्कीट पाठवू नका. ज्वारीच्या कण्या आंबट ताकात मऊ शिजवा, वर लसणाची फोडणी द्या, आणि सोबत लाल मिरचीचा ठेचा जरूर पाठवा. दात गेलेत तिचे, जीभ शाबूत आहे.