दगडू वल्द आबाजी, हाजीर है?

काकासाहेब मास्तरांना पोरं माघारी 'फिलिप' म्हणायची. गुलमंडीच्या मागं एका हायस्कुलात मास्तर इतिहास शिकवायचे. पुस्तकात फ्रान्सच्या फिलिप राजाला मुश्किलीनं पाऊण पान, पण मास्तर त्याच्यावर आठवडा काढायचे. शिकवताना बिडकीनकडची बोली तोंडात यायची, तिची त्यांना कवाच लाज वाटली नाय.

"लेकाहो, आठशे वर्सांमागं फ्रान्सचा राजा म्हंजे नुस्ता नावाला राजा. पॅरिसच्या भवतालचा मुलूख त्याचा, बाकी समदा सरदारांचा. ज्याची गढी त्याचा कायदा. मंग हा फिलिप आला. त्यानं पगारी माणसं नेमली. मोठ्या घरची नाय, लहान घरची. एका जाग्याला मुळं धरू दिली नाय, बदल्या केल्या. लहान घरचा माणूस ज्याचं खातो त्यालाच ओळखतो."

मग खडू ठेवून, हात झटकून मास्तर जॉनवर यायचे. जॉन इंग्लंडचा राजा, पण फ्रान्समधल्या नॉर्मंडीपुरता फिलिपचा ताबेदार.

"फिलिपनं त्याला सांगावा धाडला. तुझ्यावर तक्रार हाय, दरबारात हाजीर हो. जॉन म्हणला, मी राजा, मी कशाला जाऊ? नाय गेला. दरबारानं म्हणलं, गैरहजर, मुलूख जप्त! तलवार मागून आली पोरांनो. आधी आलं ते बोलावणं."

हे सांगताना मास्तरांचा चेहरा असा फुलायचा की जसं नॉर्मंडीचं रान त्यांच्याच नावावर झालं. पाटलाच्या पोटचा माणूस, पण राजाच्या बाजूचा. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, जागिऱ्या गेल्या, तवा आपल्याकडं फिलिप आला असंच त्यांना वाटलं. स्वतः पगारावर जगत होते. गढी, मान, वट्टा ह्यातलं त्यांना काही लागत नव्हतं.

पुढं सरकारनं पाटीलक्या मोडल्या. बिडकीनच्या पलीकडच्या गावात मास्तरांचे वडील तात्यासाहेब पाटील होते. पाटीलकीपायी नाल्याकाठचं काळं रान होतं, घर त्याच्यावरच चालायचं. तहसिलीतून बोलावणं आलं. नेमल्या दिवशी हाजीर राहून हक्क सांगितला तर रान नावावर व्हणार, नाय तर सरकारजमा. भावकीतला कडूबा टपूनच होता. रान सरकारात गेलं की अर्ज करून आपल्या पदरात पाडून घ्यायचा त्याचा बेत गावभर झालेला.

तात्यासाहेब फुरफुरले. "सायब पाटलाच्या दारी यायचा. घोडं बांधायचा, कोंबडं खायचा, मिशी पुसत जायचा. पाटील कवा सायबाच्या दारी गेला?"

मास्तर रजा टाकून गावी आले. बापाला जॉनची गोष्ट सांगितली. म्हातारा बिडी ओढत ऐकत बसला.

"किती रान गेलं त्याचं?"

"आपला जिल्हा बुडून जाईल एवढं."

"येडं बेनं! जायाला काय पाय दुखत व्हते का त्याचे? आपुन जाऊ."

मास्तरांना वाटलं, जिंकलो.

पांढरा पटका बांधून तात्यासाहेब निघाले. कचेरीम्होरं लिंबाखाली चार गावचे पाटील उकिडवे बसलेले. एवढे पटके एका जागी लग्नातच दिसायचे, आज एकाच्या तोंडावर हसू नव्हतं. दारात शिपाई उभा, खाकी कपड्यातला रामकिसन. त्यांच्याच गावच्या येसकराचा, वेस राखणाऱ्याचा, पोरगा. त्याचा बाप पाटलाच्या वट्ट्याखाली हात जोडून जन्मभर उभा राहिला. रामकिसनानं पाटलाला बघितलं, मान हलवली नाय, कागदाकडं बघून वरडला,

"दगडू वल्द आबाजीऽऽ, हाजीर है?"

निजाम जाऊन इतकी वर्सं झाली, पण कचेरीची हाक तीच.

कोणी उठलं नाय. दगडू कोण, ते लिंबाखाली दोघांनाच ठाऊक. तात्यासाहेबांच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिसऱ्याला दगड म्हणलं, म्हंजे मरण त्याला हात लावायचं नाय. कागदावर तेच राहिलं. आई गेली, नाव गेलं. गाव पाटील म्हणायचं, बायको सारजाबाई 'आवं' म्हणायची.

मास्तर कानाशी वाकले. "तात्या, उठा. हाक आली."

"आपल्याला नाय."

"तात्या, कागदावर तुमीच दगडू."

"ते माझ्या आईनं हाक मारायचं नाव हाय. सरकारला काय आईनं सांगून ठिवलंय? पाटील म्हणू दे, मग उठतो."

दुसरी हाक आली. मास्तर अर्धे उठले, 'हाजीर' ओठावर आलं. म्हाताऱ्यानं गुडघ्यावर हात दाबला. लाकडाच्या ओंडक्यासारखा जड हात. चार गावचे पाटील बघत होते. बापाला सगळ्यांदेखत दगडू ठरवायचं मास्तरांच्यानं झालं नाय. ते बसले.

तिसरी हाक झाली. रामकिसन आत गेला, बाहेर आला, दुसरंच नाव पुकारलं. शेवटी तात्यासाहेब आपणहून पायऱ्या चढले.

"कारे, पाटलाचं नाव कवा घेणार?"

"घेतलं की. तीनदा. सायबानं गैरहजर लिवलं."

"मी इथं बसलो व्हतो, तुला दिसत नव्हतो?"

"दिसत व्हता. पर दिसायचा पगार नाय, पुकारायचा हाय."

"लई माजलास. दगडू म्हणतोस मला?"

रामकिसनानं कागदाची घडी केली. आवाज चढवला नाय. "माझ्या बापाचं नाव सांगा बरं, पाटील."

तात्यासाहेबांनी आठवायला डोळे बारीक केले, पण आठवायला आधी ठाऊक लागतं.

"जलमभर तुमी त्याला 'आरं ए' म्हणलं. मी तुमाला नावानं, वर तुमच्या बापाचं नाव लावून हाक दिली. आन् तुमी म्हणता माजला."

मास्तर बाजूलाच उभे होते. लहान घरचा माणूस ज्याचं खातो त्यालाच ओळखतो, हे त्यांनीच वर्सानुवर्स शिकवलेलं. ह्या माणसाला आपलंही काही ओळखायचं असतं, ते धड्यात नव्हतं. आणि आणखी एक नव्हतं. जॉन गेला नाय म्हणून बुडाला. तात्या जाऊन बुडाले. राजाला नुस्तं येणं पुरत नाय, तो ठेवील त्या नावाला ओ द्यावी लागती.

अपील केलं. नानासाहेब वकील म्हणाले, "मास्तर, एकच वाट हाय. म्हाताऱ्याला ऐकू येत नाय म्हणा. हाक झाली, कानावर आली नाय."

"खोटं?"

"रान खरं हाय ना?"

मास्तरांना वाटलं, तात्या लाथ मारतील. तात्यासाहेबांनी इचार केला आणि म्हणाले, "बहिरा व्हायला सांगतोस? व्हतो. दगडू व्हण्यापरीस बरं."

वरच्या सायबापुढं म्हातारा मख्ख बसून राहिला. रान नावावर झालं. दगडू वल्द आबाजीच्याच नावावर.

कडूबानं मात्र सोडलं नाय. बहिरेपण खोटं ठरलं की पुन्हा अर्ज, असं उघड बोलायचा. मागनं येऊन 'साप, साप' वरडायचा. तात्यासाहेब हलायचे नाय. शेरडं हाकणारी पोरं त्यांच्या तोंडावर शिव्या देऊन बघायची. सारजाबाई चुलीपाशी हळू बोलायला गेली तर म्हातारा भिताडाकडं बोट दाखवायचा, पलीकडं कडूबाचं घर. हळूहळू बाई बोलायचीच थांबली.

एकदा मास्तर सुट्टीत आले. चावडीत तलाठी कागदावरची नावं पुकारत बसलेला, बदलून आलेला परभणीकडचा कवळा पोरगा. गाव जमलेलं. खांबाला टेकून तात्यासाहेब बसलेले, त्यांच्या जुन्या जागेवर.

तलाठी म्हणाला, "मास्तर, बाबांना खाली पायरीवर बसवा की. ऐकू तर काय येत नाय, उगं जागा अडवून बसलेत."

कोणी तरी फिसकन हसलं. म्हाताऱ्याच्या कानशिलाची शीर ताडकन फुगलेली मास्तरांना दिसली. कडूबा म्होरं सरकून डोळे लावून बसला होता.

मास्तरांनी बापाच्या काखेत हात घातला, तोंड कानाला लावलं आणि सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं वरडले, "तिकडं बसा! पायरीवर! पायरीवर!"

तात्यासाहेब लेकाकडं बघत राहिले. मग धोतर सावरत उठले आणि पायरीवर जाऊन बसले.

तलाठ्यानं कागद उलटला आणि पुढचं नाव वाचलं.