बेल्जियमच्या नावाने

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला शैलाचं नाव ठाऊक आहे — कॉलेजातली एक मुलगी, डिचोलीकडच्या नार्वे गावची, एवढंच. त्यापुढे मी कधी गेलो नाही. आज तुमच्याशी बोलायला बसलोय, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

मी गोव्यातल्या, पेडण्याकडच्या हळर्णचा. वडील मराठी शाळेत मास्तर. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधीची ती वर्षं — राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून एकेका घरात दोन तट पडत होते. आमच्या गावात मराठीची बाजू, आणि त्या बाजूचे पुढारी माझे वडील. सभांचे फलक आमच्या ओसरीवर रंगायचे. आणि त्याच ओसरीवरून, हाताचा रंग पुसत, वडील चहासाठी आईला हाक मारायचे ती कोंकणीत — "च्या हाड गो." हे त्यांना कधी खटकलं नाही. मला खटकायला लागलं. पण ते घेऊन मी जाणार कुठे? वडिलांसमोर उभा राहून बोलणार? ते नुसते खाकरले तरी मी ओसरीवरून उठायचो.

त्या वर्षी कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांनी अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा भरवायची ठरवली. एकेकाने एकेक देश व्हायचं, त्या देशाची भूमिका कागदावर मांडायची आणि सभागृहात उभं राहून वाचायची. सर त्याला पोझिशन पेपर म्हणत. विषय त्यांनी दिला — भाषेचे हक्क. बाहेर पोरं एकमेकांवर दगड उचलतात, निदान इथे नीट बोलतील, असं त्यांना वाटलं असावं. भला माणूस.

मला जपान. तो मी मागून घेतला होता, हेही सांगून टाकतो — कारण जपानला त्या प्रश्नावर फारसं काही म्हणायचंच नव्हतं. शैलाला बेल्जियम. दोन भाषा, दोन बाजू, जुनं भांडण.

माझं इंग्रजी बरं, म्हणून निम्म्या वर्गाचे पेपर मीच लिहून देत होतो. शैला लिहिताना अडखळायची, पण आवाज असा खणखणीत की मागच्या बाकापर्यंत पोचायचा. तिचे वडील गावातले भजनी बुवा. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून गायलेली ती. "तूं बरय, हांव वाचतां," ती म्हणाली — तू लिही, मी वाचते. तिचा माझ्यावर विश्वास होता. का असू नये?

लायब्ररीत बसून मी बेल्जियमची माहिती काढली, पेपर लिहिला. आणि मग शेवटी — मग शेवटी मी त्यात काही ओळी घातल्या. माणूस देवाशी एका भाषेत बोलतो आणि आईशी दुसऱ्या. सरकारने त्याला आईच्या भाषेची लाज वाटायला लावू नये. अशा अर्थाच्या. बेल्जियमचं काय आहे त्यात? देवापुढे मराठी अभंग म्हणून घरी कोंकणीत जेवायला मागणारे आम्ही. ते माझं म्हणणं होतं. वडिलांना सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मी ते शैलाच्या तोंडी घातलं.

मला कळत नव्हतं का? सभागृहात डिचोली-पेडण्याची, मराठीच्या बाजूची पोरं असणार, हे मला कळत होतं. मला ते शब्द मोठ्याने ऐकायचे होते. ते बोलणारा मी नको होतो.

तिने वाचलं. सुरेख वाचलं. अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, अर्ध्याने हुर्यो केली. मी जपानच्या पाटीमागे बसून होतो. मी टाळी वाजवली नाही.

बातमी तिच्या आधी नार्वेला पोचली. बुवांची मुलगी कोंकणीवाल्यांना मिळाली. लगेचच्या भजनाला बुवा पखवाज घेऊन गेले, तर त्यांच्या शेजारी कोणी बसेना. कोणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. नुसते सरकून बसले.

बुवा कॉलेजात आले. सरांनी आम्हां दोघांना खोलीत बोलावलं, कारण बेल्जियमचा पेपर करताना आम्ही बरोबर बसायचो हे त्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं होतं बुवा ओरडतील. ते अगदी हळू बोलले. "बाय, हें तुका कोणें बरोवन दिलें? नांव सांग. हांव गांवांत सांगतां. पुरो."

गावात सांगायला, लिहून देणाऱ्याचं एक नाव. त्यांना तेवढंच हवं होतं.

शैलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. मी सरांच्या टेबलाकडे बघत राहिलो. मग ती वडिलांना म्हणाली, "म्हजें म्हणणें तें. हांवेंच बरयलां."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू — बरं वाटलं.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. वर्ष संपायच्या आत वास्कोला बंदरावर कामाला असलेल्या एकाशी तिचं लग्न लावून दिलं. माझे वडील जेवताना म्हणाले, "असल्या नादाक तूं लागूंक ना, तें बरें." मी मान हलवली.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं. वडील गेले. आणि तेच म्हणणं मी व्यासपीठांवरून मांडू लागलो, माझं म्हणून. लोक टाळ्या वाजवायचे. एव्हाना त्या बोलण्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

शैला एकदाच भेटली, वास्कोच्या बसमध्ये. केस पिकलेले, बरोबर मुलगी. तिनेच ओळखलं. मित्र म्हणून मुलीला ओळख करून दिली, "हो म्हजो कॉलेजींतलो इश्ट." नोकरीचं विचारलं, माझ्या आईचं विचारलं. मी तिच्या वडिलांचं विचारलं.

"बाबा गेले. मागीर ते भजनाक केन्नाच बसले नात," ती म्हणाली. त्या प्रकारानंतर बुवा भजनाला कधीच बसले नव्हते.

सांगायला सगळा रस्ता पुढे होता. शेजारी मुलगी बसली होती, तिने ऐकलं असतं तर बरंच झालं असतं. मी बोललो — रस्त्याचं काम चाललं होतं, त्याबद्दल. केव्हा संपणार कोण जाणे, असं काहीतरी. तीही हो म्हणाली. वास्को आल्यावर त्या दोघी उतरल्या.