कामातला फोटो

चालत्या नाटकाचा फोटो काढता येतो यावर माझा आता विश्वास उरलेला नाही. सत्तरच्या दशकात, महाडच्या बाजारात माझा स्टुडिओ होता तेव्हा, तो विश्वास होता.

कुडपणला तेव्हा वीज नव्हती, म्हणून गावचं नाटक दुपारी व्हायचं. पोलादपूरच्या पुढे एस.टी. सोडून मी डोंगर चढलो, तो एका शेतकऱ्यासाठी. वर्षानुवर्षं नाटकात बापाचं काम करणारा तो माणूस स्टुडिओत येऊन म्हणाला होता, "छातीचं दुखणं हाय. डाक्टर म्हणतो, आता नाटक बंद. एवढं शेवटचं. मला कामातला फोटो हवा. खुर्चीवर बसलेला नको."

मांडवात उजेड बेताचा. कोणी जरा हललं की फोटोत नुसता धूर. म्हणून पडदा उघडण्याआधी मी नटांना सांगितलं, कॅमेरा उचलला की क्षणभर थांबा. हात दाखवून अवलक्षण! कॅमेरा वर गेला की नायिका, हवालदार, सावकार, सगळे ओळीत ताठ आणि नजर माझ्याकडे. मध्यंतरात विनवलं, आता थांबू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पडदा उघडताच ये रे माझ्या मागल्या. त्यात मुंबईकर पाहुण्यांच्या सत्काराने रोलमधल्या बारांतले सात फोटो खाल्ले. त्या नारळांचा मला अजून राग येतो.

शेवटच्या प्रवेशाला एकच फोटो उरला होता. मुलाचं प्रेत घरी आणतात, असा तो प्रवेश. बाप रडेल असं मला वाटलं होतं. तो पोराच्या सदऱ्याचं बटण लावत बसला. बटण काही लागेना. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं, आवाज न करता. मीही रडत होतो आणि कॅमेरा गळ्यात लोंबत होता.

भानावर येऊन मी तो उचलला. त्याने पाहिलं. माणूस आधी दिलेल्या शब्दाचा पक्का. बटण सोडून उठला, डोळे पुसले, धोतर सारखं केलं आणि उभा राहिला. मेलेल्या पोरानेही डोळे उघडले. मी बटण दाबलं. फोटो अगदी स्वच्छ आला.

तो न्यायला आला तेव्हा बराच वेळ बघत राहिला. "मी रडत व्हतो ना?"

"हो."

"ह्यात नाय दिसत."

"पुढच्या वर्षी काढू," मी म्हणालो. पुढचं वर्ष नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. असं बोलल्याची मला लाज वाटते.

पावसाळा संपता संपता त्याची बायको आली. फोटो मोठा करून हवा होता, हार घालायला. फोटोतला त्याच्या शेजारचा पोरगा खोडून मी तो करून दिला. फोटो पदराने पुसत ती म्हणाली, "पाव्हण्यांचं जेवाण माझ्याकडं व्हतं. नाटक बघायला नाय गावलं. कसं झालं हो ह्यांचं काम?"

मी बटणाचं सांगायला लागलो. ती ऐकत होती, पण बघत होती फोटोकडे, आणि फोटोतला माणूस माझ्यासाठी ताठ उभा होता.