प्रभाकरची मुकी मेजवानी

सकाळी साडेसातला फोन वाजला. स्क्रीनवर प्रभाकरचं नाव होतं. मी कानाला लावला आणि पलीकडून माणसाचा आवाज आला. दोन वर्षांत त्या फोनवरून कधी कुणी बोललंच नव्हतं. प्रभाकर रोज फोन करायचा तो चमच्याने दोनदा टकटक करायला. म्हणजे ‘मी बरा आहे’. मग मी एकटाच बोलायचो आणि तो ऐकायचा. त्या दिवशी सुषमावहिनी बोलल्या, “भाऊजी, हे झोपेतच गेले.”

प्रभाकर आयुष्यभर बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. येवल्याची गाडी कुठे लागली, देवळ्याची का सुटली नाही, हे त्याच्या भरदार आवाजात कळायचं. निवृत्तीनंतर नाशिक रोडच्या फ्लॅटमध्येही तो तसाच बोलायचा, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी त्याने मला आणि निंबाला जेवायला बोलावलं. निंबा आमचा देवळ्याचा जुना मित्र. “पार्टी आहे,” प्रभाकर घोगऱ्या आवाजात म्हणाला. “अट एकच. उंबऱ्याच्या आत आलं की चहा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.” दारातच त्याने आमच्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली.

पहिला अर्धा तास गंमत वाटली. शेवभाजी वाढताना निंबाने पाटीवर ‘लय तिखट’ लिहून दाखवलं, वहिनी हसल्या. पण हळूहळू ती शांतता अंगावर यायला लागली. पंख्याची कुरकुर, भाकरी मोडल्याचा आवाज, आपल्याच गिळण्याचा आवाज... प्रभाकरकडे बघवेना. मी जेवत होतो आणि घाबरलो होतो, आणि ते पाटीवर लिहिण्यासारखं नव्हतं.

जेवण झाल्यावर तो बाथरूममध्ये गेला. वहिनी स्वयंपाकघरात मठ्ठ्यासाठी मिक्सर फिरवत होत्या. बाहेर आम्ही दोघं पाट्यांवर फुली-गोळा खेळत बसलो. किती वेळ गेला, लक्षात आलं नाही. मिक्सर थांबला तेव्हा कळलं, आतून काहीतरी आपटत होतं.

आम्ही धावलो. कडी अडकली होती. आत तो बादलीवर पाण्याचा मग आपटत होता. मी हाक मारली, “प्रभाकर, काय झालं?” उत्तर नाही, फक्त ठक ठक. निंबा दार बडवत ओरडला, “आरं बोल ना, बोलता येतं ना तुला अजून!” पुन्हा तेच, ठक ठक. मग तेही थांबलं. निंबाने खांद्याने धडक दिली, तिसऱ्या वेळी कडी उखडून आली.

तो उपड्या बादलीवर बसला होता, घामाने चिंब.

“हाक का नाही मारलीत?” वहिनींनी विचारलं.

“कडी खरंच अडकली. पण हाक मारली असती तर कळलं नसतं,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात तुम्हाला कसं ऐकू येणार ते.” मग खाली बघत म्हणाला, “नाहीच आलं रे... लई वेळ नाही आलं.” इतक्या वर्षांत त्याला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. निंबा तिथेच फरशीवर बसून रडला. चहा कुणी केलाच नाही.

चमच्याची टकटक त्याच दिवशी ठरली. माझ्या समाधानासाठी, असं तो म्हणायचा. ऑपरेशन नीट झालं, तो बरा झाला, पाटीवर आम्हाला शिव्याही लिहू लागला. हृदयाने दगा दिला तो नंतर.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, त्यांना काही कळलंच नसेल. पण मी शेजारच्याच पलंगावर होते, भाऊजी. मला झोप लागली होती. त्यांनी भिंतीवर वाजवलं असेल का?”

हीच भीती घेऊन तर मी आलो होतो. हात धुवायला म्हणून उठलो. बाथरूमच्या दाराला कडी नाही, नवी बसवू दिलीच नाही वहिनींनी. जिथे होती तिथे लाकडात चार भोकं आहेत.

“नुसतं लोटून घ्या,” वहिनी बाहेरून म्हणाल्या. “मी बसलेय इथे. मला ऐकू येतं.”