उरलेल्या फरकांची कमान

खालापूरच्या बाजूच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले, तेव्हा साहेबांनी पहिल्या आठवड्यात मला रेघ ओढायला शिकवलं. लोखंडाचं प्रमाण आधीच माहीत आहे अशी आठ द्रावणं करायची, त्यांत रंग आणणारं औषध घालायचं, कलरीमीटरवर, म्हणजे रंगाचा दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक रंगाचा आकडा घ्यायचा. ते आठ ठिपके ग्राफ पेपरवर मांडायचे आणि पारदर्शक पट्टी ठेवून त्यांच्यामधून सरळ रेघ ओढायची. मग गावोगावच्या पंचायतींनी तपासायला पाठवलेल्या पाण्याचा रंग मोजला, की त्यातलं लोखंड त्या रेघेवरून वाचता यायचं.

"पट्टी ठेवली की श्वास रोखायचा," साहेब म्हणायचे. ते कर्जतच्या जुन्या घरातले, निवृत्तीला आलेले. त्यांची रेघ बघत राहावी अशी असे. मी कर्जतच्याच बौद्धवाड्यातली, आमच्या वाड्यात विज्ञानाची पदवी घेतलेली पहिली मुलगी. माझा हात चुकता कामा नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ऐंशीचं दशक उताराला लागलं होतं तेव्हा लॅबमध्ये कॉम्प्युटर आला. मुख्य ऑफिसातून एक गृहस्थ दोन दिवस येऊन संख्याशास्त्राचा प्रोग्रॅम शिकवून गेले. मी आठ आकडे टाइप केले. प्रिंटर करकरत चालला आणि रेघेचं समीकरण आलं. शेजारी ठिपके रेघेशी किती जुळतात त्याचा आकडा होता, जवळजवळ एक; एक म्हणजे पूर्ण जुळणी. साहेब खूष झाले. "बघा, आपली पट्टीही हेच सांगत होती."

पण त्याखाली आणखी एक चित्र होतं. आडवी तुटक रेघ आणि तिच्या खाली-वर आठ फुल्या. वर इंग्रजीत 'रेसिड्युअल्स'. शब्दकोशात अर्थ सापडला, उरलेलं. काय उरलं? त्या गृहस्थांनी मागे ठेवलेल्या वहीतून एवढं उमगलं की प्रत्येक ठिपका रेघेपासून किती वर किंवा खाली राहिला, तो हा फरक. फुल्या मात्र डावीकडे खाली, मध्ये वर, उजवीकडे पुन्हा खाली. अगदी पुलाची कमान.

मी गृहस्थांना ट्रंक कॉल लावला. खरखरीतून ते ओरडले, "फुल्या विखुरलेल्या हव्यात. आकार दिसला तर काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय?"

"ते कॉम्प्युटर सांगत नाही!"

म्हणजे मीच चुकतेय, असं मी धरून चालले. पिपेट बदलली, फ्लास्क आम्लानं धुतले, द्रावणं नव्यानं केली. कमान आली. दुसऱ्या दिवशी आकडे उलट्या क्रमानं टाइप केले, तरी कमानच. खोपोलीहून घरी जाताना गाडीत मी तो कागद मांडीवर पसरून बसायचे. पळसदरी स्टेशन आलं-गेलं तरी कळायचं नाही. जुळण्याचा आकडा उत्तम आणि चित्र वाईट, दोन्ही एकाच कागदावर कसं? साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "रेघ सरळ आहे ना? मग झालं."

आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या एक मावशी होत्या. जवळच्याच वाडीत राहायच्या. त्या आठवड्यात त्यांच्या वाडीच्या बोरिंगच्या पाण्याचा रिपोर्ट मीच लिहिला होता: लोखंड मर्यादेच्या आत, पिण्यास योग्य.

"बाई, तुमचा कागद म्हनतो पानी चांगलं हाय," मावशी बशी पुसत म्हणाल्या. "मंग आमचा भात पिवळा का व्हतो? तोंडात लोखंड चाटल्यावानी लागतं."

"मर्यादेच्या आत आहे, मावशी," मी म्हणाले. म्हणाले खरं, पण मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी, ज्यात पाणी घालून ती आठ द्रावणं करायचो ते मूळ द्रावण संपत आलं. दाट रंगाची वरची तीन द्रावणं करायला ते पुरेना, म्हणून मी खालची पाचच केली आणि नाइलाजानं पाचच आकडे टाइप केले. फुल्या इकडे-तिकडे पडल्या. कमान नाही! मी जास्तच गोंधळले. ठिपके कमी झाले आणि चित्र सुधारलं?

दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. त्यांनी आपला जुना ग्राफ पेपर काढला आणि पट्टी फक्त खालच्या पाच ठिपक्यांवर ठेवली. पट्टी जुन्या रेघेवर बसली नाही. त्यांनी ती उचलली, चष्मा पुसला, पुन्हा ठेवली.

"वरच्या तिघांचा रंग फार दाट आहे," ते हळू म्हणाले. "तिथं आकडा वाढायचा तितका वाढत नाही. ते तिघं रेघ आडवी करतात, आणि इकडे तिचं खालचं टोक वर उचललं जातं. म्हणून थोडं लोखंड असलेल्या पाण्यात आपण ते खऱ्याहून कमी वाचतो."

"पण कागदावर कधी दिसलं कसं नाही, साहेब?"

"पेन्सिल जाड होती आमची." पट्टी बाजूला ठेवत ते म्हणाले, "माझी."

बोरिंगचं पाणी बाटलीत शिल्लक होतं. नव्या रेघेवरून वाचलं, तर लोखंड मर्यादेच्या वर निघालं. साहेबांनी त्याच दुपारी पंचायतीला पत्र लिहिलं आणि आधीचा रिपोर्ट चुकीचा होता हे स्पष्ट कबूल केलं. सही करताना त्यांचा हात थांबला नाही. मी मावशींना सांगायला गेले, तेव्हा माझ्याच्यानं वर बघवत नव्हतं.

"आमी तर सांगतच व्हतो गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि नळ सोडला.

पुढे वाडीत विटांची टाकी बांधून वाळूतून पाणी गाळायची सोय झाली. भात पांढरा होतो, असं मावशींनी स्वतःहून येऊन सांगितलं. जुन्या वह्यांतले इतर गावांचे आकडे आम्ही दोघं महिनाभर नव्यानं काढत बसलो. काही बदलले, बरेचसे बदलले नाहीत. का, ते प्रत्येक वेळी समजलं असं नाही. पाच द्रावणांच्या चित्रातही शेवटची फुली नेहमी थोडी खालीच पडायची. मी साहेबांना विचारलं, पुढे आलेल्या नव्या साहेबांनाही विचारलं. दोघांनीही ती द्रावणं पुन्हा करून बघायला लावली; फुली खालीच राहिली.