अंगठा

पत्रकार संघाचा विद्यार्थी पत्रकारितेचा पुरस्कार मला मिळाला, तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. खुटबावला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका मावशींवर मी लेख लिहिला होता. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचंच दुकान चालवायला घेतलं होतं.

लेखात मी लिहिलं होतं, ‘अक्षरओळख नसलेल्या या बाईचा अंगठाच तिची सही.’ त्यांना मी शिक्षणाचं विचारलंच नव्हतं. काळे, तेलकट हात बघितले आणि वाक्य सुचलं. ते मला फार आवडलं होतं.

कार्यक्रम दौंडला होता. संघाने मावशींनाही बोलावलं होतं. त्या मुलीला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवेदकाने माझं तेच वाक्य माईकवरून वाचलं. टाळ्या पडल्या. चित्रपटाचा पुरस्कार घ्यायला आलेले दिग्दर्शक मावशींकडे हात करून म्हणाले, “या निरक्षर माउलीवर सिनेमा व्हायला हवा.” पुन्हा टाळ्या. मावशींची मुलगी मान खाली घालून बसली होती.

जेवणाच्या रांगेत मावशी मुलीला घेऊन माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “ताई, मी धाव्वी पास हाय. तुम्ही इचारलं न्हाई.”

“मावशी, चुकलं माझं.”

“माझं जाऊ द्या. लेख छापून आल्यापास्नं हिला शाळंत पोरी चिडवत्यात, तुझी आई अंगठेबहाद्दर म्हनून.”

माझ्या हातात स्मृतिचिन्ह होतं. ते कुठं लपवावं कळेना.

तरी त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. केंदूरला घरच्यांनी हार घालून फोटो काढले, तेही काढू दिले. आठ दिवसांनी संघाच्या अध्यक्षांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अगं, एवढं तेवढं चालतं. लेख चांगलाच हाय.” स्मृतिचिन्ह त्यांच्या टेबलावर ठेवून मी निघाले. लेख छापणाऱ्या साप्ताहिकाने माझा खुलासा आतल्या पानावर, चार ओळींत छापला.

तो अंक घेऊन मी खुटबावला गेले. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला आणि चारही ओळी सावकाश वाचल्या.

“टाळ्या वाजवनारी मान्सं वाचत्याल का हे?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी अंक घडी करून मुलीच्या दप्तरात ठेवला आणि मला चहा विचारला. तो मला घोटाघोटाने संपवावा लागला.